माथेरानला आमच्याकडे राहायला येताय? फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलचा फोन माझ्याकडे असतो. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हल्ली ऐकू कमी येतं, आणि नवरा अर्धा दिवस दस्तुरीला, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावर, सामानाच्या मागे असतो. त्यामुळे गेली १४ वर्षं तेच तेच प्रश्न मीच ऐकतेय आणि तीच तीच उत्तरं देतेय. भाचीने सांगितलं की मामी एकदा लिहून काढ आणि सगळ्यांना तेच पाठव, म्हणून हे. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येते ना?

नाही. मोठी गाडी असली तरी नाही, ओळख असली तरी नाही, सोबत आजी असली तरी नाही. सगळ्या गाड्या दस्तुरीला थांबतात, तिथून पुढे गावात फक्त ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि आता ई-रिक्षा. ही पद्धत फार जुनी आहे, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी राखलेला भाग, म्हणून जाहीर केल्यावर तर त्याला कायद्याचंच कुंपण पडलं.

दस्तुरीला प्रवासी कर भरायचा, पावती जपून ठेवायची, आणि मग चार पर्याय. एक, पाच-सात मिनिटं चालून अमन लॉज स्टेशन गाठायचं आणि शटल ट्रेनने बाजारात उतरायचं. दोन, घोडा. तीन, ई-रिक्षा. चार, रुळांच्या कडेकडेने लाल मातीतून सावलीत चालत यायचं, पाऊण तास लागतो. मला विचाराल तर येताना चाला आणि जाताना शटल घ्या, कारण येताना उत्साह असतो.

हातरिक्षेबद्दल बरेच जण विचारतात, "ती माणसं ओढतात ती अजून आहे का?" तर सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की सहा महिन्यांत ती बंद करा आणि त्या ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा चालवायला द्या. ई-रिक्षा आधी डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या होत्या. किती ई-रिक्षा आहेत आणि किती वाजेपर्यंत चालतात हे सारखं बदलत असतं, निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करा, त्या दिवशीचं खरं सांगेन. मी या हातरिक्षा लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या. शालूवर बसले होते, पुढे एक माणूस, मागे दोघं, चढाला त्यांच्या श्वासाचा आवाज यायला लागला आणि मी उतरून चालायला लागले. सासूबाई अजून ते सांगून हसतात.

मग सामानाचं काय?

हमाल आहेत. दस्तुरीलाही असतात, स्टेशनवरही. आमचं नाव सांगितलं की बरोबर आणून पोचवतात, तुम्ही आधी पोचलात की मागून सामान येतं, घाबरू नका, इतक्या वर्षांत एकही बॅग हरवलेली नाही.

पण एक विनंती. चाकांची ट्रॉली बॅग आणू नका हो. लाल मातीत, घोड्यांच्या लिदीत आणि दगडांत ती चाकं चालत नाहीत, शेवटी ती बॅग कुणाच्या तरी डोक्यावरच येते आणि ट्रॉलीचं नुसतं रिकामं वजनच तीन-चार किलो असतं. दोन दिवसांसाठी आलेल्या चौघांच्या घरात सात बॅगा मी पाहिलेत, त्यातली एक फक्त चपला-बुटांची. इथे वर आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी डोक्यावर, गाड्यावर नाहीतर घोड्याच्या पाठीवर आणलेली असते. गॅस सिलिंडर तसाच येतो, कांदा-बटाटा तसाच येतो, गादीसुद्धा तशीच येते. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

हमालाचे पैसे हमालालाच द्या, बिलात लावायला सांगू नका.

मिनी ट्रेनने आलो तर? बुकिंग तुम्ही करता का?

आम्ही करत नाही. नेरळच्या खिडकीवर रांगेत उभं राहूनच तिकीट घ्यायचं अशी आमची सवय, आणि शनिवारी ती रांग लवकर लागते. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्टेशनं. २१ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि अडीच तास तरी धरा. टॅक्सी तेच अर्ध्या तासात दस्तुरीला आणते. तेव्हा घाई असेल तर ट्रेन नको, आणि घाई नसेल तर ट्रेनच हवी.

ही लाइन कुठल्या सरकारने नाही बांधली. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने ती घरच्या पैशातून बांधली, १९०४ ला काम सुरू आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू, तेव्हाचे १६ लाख रुपये खर्च. दोन फुटी रूळ, चढ इतका की २० फूट पुढे गेलं की एक फूट वर. वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉप्पेलची होती. वाटेत एकच बोगदा आहे, त्याला वन किस टनेल म्हणतात, का ते मुलांनी विचारलं तर तुमचं तुम्ही बघा.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. कधीकधी पावसाळा संपला तरी रूळ दुरुस्त व्हायला वेळ लागतो. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले ते गाडी थेट २००७ ला सुरू झाली. २०१६ ला डबे घसरल्यामुळे बंद. २०१९ च्या पावसात परत तेच, मग थेट ऑक्टोबर २०२२. त्यामुळे "ट्रेन नक्की आहे ना?" या प्रश्नाला आमच्या घरात कोणीच छातीठोक हो म्हणत नाही.

मुंबईहून, पुण्याहून कसं यायचं?

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरायचं, सीएसएमटीहून दोन तासांच्या आत-बाहेर. पुण्याहून येत असाल तर कर्जतला थांबणारी गाडी पकडा आणि तिथून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने या, भिवपुरी रोडनंतर नेरळच. नेरळला स्टेशनबाहेरच टॅक्सी, सीटवर किंवा पूर्ण.

स्वतःची गाडी आणणार असाल तर नेरळ ते दस्तुरी घाट हा गमतीचा नाही, वळणं एकदम उभी आहेत आणि दर रविवारी कुणाच्या तरी क्लचचा जळका वास येतोच. घाटात हाफ-क्लचवर थांबून परत चढवायची सवय नसेल तर गाडी नेरळला लावा आणि टॅक्सीने या. दस्तुरीचं पार्किंग लाँग वीकेंडला सकाळी दहा-अकरालाच भरतं, मग घाटातच लाइन.

हॉटेल किती जुनं आहे? हेरिटेज म्हणजे नक्की काय?

हेरिटेज हा शब्द भाचीचा, आम्ही "जुनं घर" म्हणतो. मुंबईच्या एका पारशी कुटुंबाचा हा उन्हाळ्याचा बंगला होता. माझे आजेसासरे आधी त्यांच्याकडे देखरेखीला होते, मग चालवायला घेतला, मग हप्त्याहप्त्याने विकत घेतला. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, सोळा फूट उंच छत आणि पुढे लांबच लांब व्हरांडा, त्यात झुकत्या पाठीच्या वेताच्या खुर्च्या. ११ खोल्या आहेत, दोन सारख्या नाहीत. ४ नंबरचं दार पावसात फुगतं, ९ नंबरला लाकडी जमीन आहे ती रात्री आपोआप कुरकुरते, भूतबित काही नाही, लाकूड गार पडतं म्हणून.

ऑफिसात जुनी रजिस्टरं आहेत, बघायची असतील तर मागा. आजोबांचं अक्षर मोडीच्या वळणाचं. प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे घोडे किती, हमाल किती, दूध किती शेर असं लिहिलेलं आहे, आणि एका पानावर नुसतंच "काकांचा चष्मा माकडाने नेला, शोध चालू". पुढे सापडला की नाही ते काही लिहिलेलं नाही.

माथेरानबद्दल थोडं सांगते, कारण "शिवाजी महाराजांनी वसवलं का" असंही विचारतात. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, इथे ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाकडून, आता वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने वर आला आणि रामबागच्या वाटेने खाली उतरला, त्यानंतर साहेबांचे बंगले उभे राहिले. पॉइंटची इंग्रजी नावं त्याच काळातली. आमच्याकडे दूध आणून देणारी म्हातारी मात्र आजही लुईझा पॉइंटला "लुईसाचा कडा" म्हणते आणि तेच जास्त बरोबर वाटतं.

एसी आहे का?

नाही. ८०० मीटरवर आहोत, वर झाडी. मे महिन्यात दुपारी १ ते ४ गरम होतं हे खरं आहे, तेव्हा सगळं माथेरान झोपतं, तुम्हीही झोपा.

गरम पाणी २४ तास?

सकाळी ६ ते १०. संध्याकाळी लागलं तर तासभर आधी सांगा, बादली मिळेल. मागच्या अंगणात तांब्याचा बंब आहे तो आता शोभेला आहे, फोटो काढतात सगळे.

शॉवर आहे पण बादलीने अंघोळ केलीत तर आमच्या घरचे सगळे तुम्हाला दुवा देतील. गावाचं पाणी शार्लोट लेकचं, आणि खालून उल्हास नदीवरून पंपाने चढवलेलं. आठशे मीटर चढवलेलं पाणी आहे ते. उन्हाळ्यात नळाचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं. एका पाहुण्याने रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की टब नाही, तर त्याला बाबांनी स्वतः उत्तर लिहायला लावलं मला, "टब नाही पण तलाव आहे, त्यातही उतरू नये." तलावात खरंच उतरू नका. माणसं बुडालीत तिथे, आणि ते पिण्याचं पाणी आहे.

जेवण कसं असतं? मेनू कार्ड पाठवा.

मेनू कार्ड नाही. राहण्यासोबत चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, चारचा चहा सगळं धरलेलं असतं, आणि त्या दिवशी जे शिजलं ते. घंटा वाजते. पितळी घंटा आहे, जेवणघराच्या दाराशी, सकाळी साडेआठ, दुपारी एक, चार आणि रात्री साडेआठ. घंटेनंतर पाऊण तासाने आलात तर पोळ्या गार मिळतील, आणि त्यावर काही बोलायचं नाही.

आमचं जेवण जरा सरमिसळ आहे. पारशी मालकांचा खानसामा आजोबांसोबत इथेच राहिला, त्याने आजीला शिकवलं, आजीने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणून रविवारी धानसाक आणि शेवटी कॅरामल कस्टर्ड. बाकीचे दिवस आपलं वरण-भात, पिठलं, भरली वांगी, एक रस्सा. धानसाकची डाळ आदल्या रात्री भिजते, त्यात भोपळा, वांगं, मेथी घोटून जातं, आणि आई ती अजून लाकडी रवीने घोटतात, मिक्सर दिला तर "त्याला चिकटपणा येतो" म्हणतात. मी एकदा गुपचूप मिक्सरमधून काढली. पहिल्या घासाला ओळखलं त्यांनी.

जैन जेवण मिळेल, दोन दिवस आधी सांगा. मासे नसतात, नेरळहून वर येईपर्यंत त्यांचं काय होतं ते आम्हाला माहितीये. मे महिन्यात करवंदं, जांभळं कातकरी बायका टोपलीत घेऊन दारात येतात, पहिल्या पावसानंतर शेवळं, मग टाकळा. भाव करू नका त्यांच्याशी, दोन तास चढून आलेल्या असतात. रात्री अकराला मॅगी? नाही. चुलीशी असणारी माणसंही झोपतात.

टीव्ही? वायफाय? रेंज?

टीव्ही जेवणघरात एक आहे, मॅच असली की लावतो. वायफाय ऑफिसजवळ येतं. रेंज खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे तुमच्या कंपनीवर आहे. वर्क फ्रॉम हिल करायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते की लाइट जाते, पावसाळ्यात तर फार जाते, तुमची मीटिंग माझ्या भरवशावर ठेवू नका.

माकडं त्रास देतात का?

हो. हे आम्ही लपवत नाही. खिडकीला जाळ्या आहेत पण दार उघडं टाकून व्हरांड्यात चहा प्यायला बसलात तर मागून खोलीत पार्टी होते. गेल्या डिसेंबरात ठाण्याचं एक नवं जोडपं आलं होतं. मुलगी अंघोळीला, मुलगा बाहेर फोनवर. माकडाने आत येऊन बॅगेची चेन उघडली, तोडली नाही हं, चेन धरून ओढली, आतला चिवड्याचा डबा बाजूला ठेवला आणि टूथपेस्टची ट्यूब दाताने फोडून छपरावर नेली. सगळ्या कौलांवर पांढरे पट्टे आणि ते तोंड वाकडं करून बसलेलं. मुलगा व्हिडिओ काढत होता तोपर्यंत दुसऱ्याने डबा नेला.

नियम एवढेच: हातात खाण्याची पिशवी नको, प्लास्टिकचा आवाजसुद्धा त्यांना ओळखू येतो. गॉगल डोक्यावर नको. डोळ्यात डोळे घालून दात दाखवून हसू नका, त्यांना ते भांडण वाटतं. आणि कृपा करून खायला घालू नका, तुम्ही जाता, आम्ही राहतो.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोमवार ते गुरुवार. बास. दिवाळीचा आठवडा, ३१ डिसेंबर आणि मे हे आमचे कमाईचे दिवस आहेत, पण तुम्ही शांतता शोधत असाल तर ती तेव्हा इथे नसते.

पावसाळ्याचं विचारतात खूप. पावसाळा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, धुकं असं येतं की व्हरांड्याच्या एका टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नाही, आणि पहाटे शीळकरी कस्तूर शीळ घालतो, कुणीतरी पोरगं रस्त्याने गात चाललंय असं वाटतं. पण पॉइंटवरून दिसत काहीच नाही, कपडे वाळत नाहीत, चादरींना दमट वास येतो, आणि आम्ही ११ पैकी ५ खोल्याच उघड्या ठेवतो. आणि कड्यावरचं गवत निसरडं असतं, रेलिंगच्या पलीकडे जाऊन सेल्फी हा प्रकार तेव्हा तरी करूच नका. दक्षिणेकडच्या पॉइंटवरून इर्शाळगड दिसतो, त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये एका रात्रीत दरडीखाली गेली. त्या पावसात इथे आम्ही सगळे जागे होतो. त्यानंतर रेड अलर्ट असला की मी स्वतः फोन करून सांगते, पुढच्या आठवड्यात या, पैसे कापत नाही.

एका दिवसात सगळे पॉइंट होतात का?

३८ पॉइंट आहेत म्हणतात. होतात, घोड्यावर बसून यादीला टिक करत गेलात तर बरेचसे होतात. पण मग रात्री आठवत नाही कुठला कुठला होता. आमच्याकडे दोन रात्री राहणाऱ्यांना मी हे सांगते:

आलात त्या दिवशी चारचा चहा पिऊन शार्लोट लेक, शेजारचं पिसरनाथाचं देऊळ, मग लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट आणि वेळ उरला तर लुईझा. लुईझावरून समोर प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका दिसतो, खरं तर त्याच्यासाठीच जायचं. एको पॉइंटला सगळे आपापल्या प्रेमाचं नाव ओरडतात, एका काकांनी "शेअर मार्केट" असं ओरडलेलं मी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा. हा उत्तरेच्या टोकाला आहे, लांब आहे, अंधारात निघावं लागतं, टॉर्च आणा, मोबाईलचा नाही, खरा. उजाडताना खाली नेरळचे दिवे एकेक विझतात आणि पेबचा किल्ला आधी काळा, मग निळा, मग हिरवा होतो. येऊन-जाऊन अर्धा दिवस. आम्ही डब्यात उपमा बांधून देतो, पण तो पॉइंटवर उघडायचा नाही, वर माकडांचा प्रश्न वाचा. दुपारी झोप. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंट, ज्याला सगळे सनसेट म्हणतात, तिथे गर्दी असते, पण सूर्य प्रबळच्या मागे जातो ते बघण्यासारखंच.

तिसऱ्या दिवशी पाय शिल्लक असतील तर दक्षिणेचा गोल: अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट, वन ट्री हिल. खाली मोरबे धरणाचं पाणी चमकतं, ते नवी मुंबईला जातं, म्हणजे तुमच्यातले काही जण रोज तेच पितात. वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणारी वाट शिवाजी लॅडर म्हणून ओळखतात. ती उतरायची तर वाटाड्या घ्या.

मला स्वतःला कोणता आवडतो? गार्बेट. दस्तुरीकडून जातात, लोक फार जात नाहीत, बाकी मी काही लिहीत नाही नाहीतर तिथेही मक्याची कणसं विकायला लागतील.

घोडा करावा का?

गुडघे दुखत असतील तर जरूर करा, तो त्यांचा रोजगार आहे. दरपत्रक बोर्डवर लावलेलं असतं, आधी वाचा, आधी ठरवा, किती पॉइंट आणि किती वेळ ते स्पष्ट बोला. लहान मुलाला एकट्याला बसवून घोडा पळवायला सांगू नका. आणि घोड्याच्या पाठीला जखम दिसली तर तो घोडा घेऊ नका, दुसरा मागा, असं चार जणांनी केलं की आपोआप सुधारतं.

सोबत ७५ वर्षांची आजी आहे, जमेल का?

जमेल. खाली व्हरांड्यालगतच्या १, २ आणि ३ नंबरच्या खोल्या मागा, तीन पायऱ्याच आहेत. अमन लॉजहून शटल, स्टेशनवरून पुढे काय करायचं ते मी जमवते. आज्या इथे सगळ्यात खुश असतात असा माझा अनुभव आहे, त्यांना पॉइंट नको असतात, खुर्ची हवी असते. नगरपरिषदेचा दवाखाना आहे, पण मोठं काही झालं तर खाली न्यावं लागतं, त्यामुळे रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या आणा. हार्टचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून या, मला नका विचारू.

शेकरू दिसतं का?

नशिबात असेल तर. सकाळी सात-साडेसातला मागच्या जांभळाच्या झाडावर असतं, पिंगट-तांबूस, झुपकेदार लांब शेपूट, एका फांदीवरून दुसरीवर उडी मारली की पानांचा मोठा आवाज होतो, लोकांना माकड वाटतं. राज्यप्राणी आहे आपला. झाडांत जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजन बघा, अंजनाला निळी-जांभळी फुलं येतात तेव्हा फांद्या कुणी रंगवल्यासारख्या दिसतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, दर वर्षी फोन करून विचारू नका.

ट्रेकिंगवाल्यांसाठी काही आहे का?

भरपूर. पेबवरून रुळांच्या वाटेने वर येणारे आमच्याकडे दुपारी जेवायला थांबतात, भिवपुरीकडून गार्बेट पठार करून येणारेही. सनसेट पॉइंटकडून खाली धोदाणीला उतरणारी वाट आहे, तिथून पनवेल. या वाटांनी गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ओझी घेऊन चढलेत, आपण बाटली घेऊन चढतो आणि दमतो.

इतिहासाची आवड असेल तर बाजारात हुतात्मा भाई कोतवालांबद्दल विचारा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९१२ ला इथेच माथेरानला जन्म, शिकून वकील झाले, कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसला आझाद दस्ता हे भूमिगत पथक उभं करून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. पॉइंटना सगळी नावं साहेबांची आणि गावचा माणूस फक्त पुतळ्यात, याची बाबांना फार चीड आहे. बाबांना विषय काढून दिलात तर जेवणाची घंटा होईपर्यंत सुटका नाही.

ड्रिंक्स, स्पीकर, बॅचलर पार्टी?

स्पीकर नाही. बाकीचं खोलीत, शांतपणे, आणि रिकाम्या बाटल्या परत न्यायच्या. त्या पण कुणालातरी उचलून खाली न्याव्या लागतात.

कुत्रा आणला तर चालेल?

आम्हाला चालेल, माकडांना चालणार नाही.

काय घ्यावं जाताना?

चिक्की सगळेच घेतात, घ्या, पण आधी एक तुकडा खाऊन बघा, मऊ पडलेली असेल तर पुढच्या दुकानात. चामड्याच्या चपला बऱ्या मिळतात. मध घेताना "जंगली आहे, शंभर टक्के" असं जो तीनदा म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

पैसे कसे द्यायचे? रद्द केलं तर?

खोली धरायला निम्मे ऑनलाइन, बाकी इथे. रोख थोडी आणाच, घोडा, हमाल, कणीसवाला यांच्यासाठी, कारण रेंज गेली की यूपीआय गोल गोल फिरत बसतं आणि लाँग वीकेंडला एटीएम रिकामं होतं. सात दिवस आधी सांगितलंत तर पूर्ण परत. आदल्या रात्री सांगितलंत तर नाही, तुमच्या नावाचं दूध आणि भाजी तोवर घाट चढलेली असते.

चेक-आउट किती वाजता?

दहा. शटल दुपारची असेल तर सामान ऑफिसात ठेवा आणि व्हरांड्यात बसा, कोणी उठवणार नाही. फक्त किल्ली देऊन जा. पितळी किल्ल्या आहेत, जुन्या कुलपांच्या, डुप्लिकेट करून देणारा इथे कोणी नाही. मागच्या दिवाळीत ७ नंबरची किल्ली कुणाच्या तरी जॅकेटमधून डोंबिवलीला गेली, ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या हातून चार दिवसांनी वर आली, आणि तोपर्यंत ७ नंबरमध्ये आम्ही मागच्या खिडकीतून जात होतो.